कोरडी पाती

माझे वडील गिरधर सारंगखेड्यात घड्याळं दुरुस्त करायचे आणि कॅमेऱ्यांची शटरंही. सुरतेत शिकून आलेले. शटरची पोलादी पाती केसाएवढी पातळ. ती पेट्रोलने धुवायची आणि अगदी कोरडी ठेवायची. तेल लावायचं ते फक्त बाजूच्या चाकांच्या खुंट्यांना, तेही सुईच्या टोकाने. पात्यांना तेल लागलं की ती एकमेकांना चिकटलीच म्हणून समजा.

१९६१ च्या थंडीत हिंमतरावांची आई जसोदाबाई सकाळी वारली. हिंमतराव म्हणजे तापीकाठचे बडे केळीवाले. म्हातारीचा एकही फोटो नव्हता. तिला भिंतीला टेकवून बसवलं, नवं लुगडं नेसवलं. हिंमतरावांनी आपल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं, पाती उघडली आणि तशीच अडकली. तो कॅमेरा वडिलांनी आठवड्यापूर्वीच साफ करून दिला होता.

त्यांचे दोन गडी वडिलांना दुकानातून फरफटत घेऊन गेले. मी तेव्हा आईच्या पोटात. तशा अवस्थेत आई, रंजनाबाई, मागोमाग धावली. तिनेच मला हे सांगितलं.

"मन्ही मायना फोटो बिघाडा तू!" हिंमतराव ओरडले. आधी थोबाडीत, मग लाथा. वडील पडले तसं हिंमतरावांनी त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि बत्ता घातला. अंगठ्याचं हाड मोडल्याचा आवाज आईला ओसरीवर ऐकू आला. अंगणात सगळं गाव उभं होतं, पण सोडवायला एकही जण पुढे आला नाही. मला त्या गावाचीही चीड येते.

"आते दुरुस्त कर. तिरडी बांधेल शे."

रक्त ठिबकत होतं. वडिलांनी डाव्या हाताने स्क्रू फिरवले, कॅमेरा आईने धरला. काच निघाली तशी पाती तेलात बुडालेली दिसली. वडिलांनी ती हिंमतरावांच्या नाकाशी नेली. शेंगदाण्याचं तेल!

"कोणी टाकं?" वडिलांनी विचारलं.

हिंमतरावांनी बत्ता खाली ठेवला. "मीच टाकं. कोरडं दिसनं. माले वाटनं, तू तेल देवाले इसरना." गाडीच्या आखाला वंगण घालणारा माणूस, त्याला कोरडं म्हणजे बिघडलेलंच दिसणार.

पेट्रोलने पाती धुऊन, वाळवून वडिलांनी कॅमेरा पुढे केला. हिंमतराव वाकले. "माले मार, गिरधर."

"तुमले मारीसन मन्हा अंगठा जुडी का? फोटो काढा."

फोटो स्वच्छ आला. म्हातारीच्या कपाळावरच्या गोंदणाचे ठिपकेसुद्धा मोजून घ्यावेत इतका. हिंमतरावांच्या घरी येणारा प्रत्येक जण तो पाहून वाहवा करतो.

वडील तेव्हा चौतीस वर्षांचे होते. त्या अंगठ्याने पुन्हा कधी सुई धरवली नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या.