दोरीनं मोजलेला फ्रिज

काल नातीचा पुण्याहून मेसेज आला. एका खोलीत राहते, छोटा फ्रिज घ्यायचाय, आणि तीन फोटो पाठवून विचारते, आबा, यातला कोणता? मला आधी हसूच आलं... कारण आमच्या पुसदच्या घरातला पहिला फ्रिज आठवला. एका बोटानं टाईप करतोय, चुका पोटात घाला.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. मी शाळेत मास्तर, नवीन लग्न झालेलं. दोन खोल्यांच्या घरात आई, मी आणि सुमन. आईला शुगर होती आणि रोज इन्सुलिन लागायचं. सुमन टोचायला शिकली होती.

फ्रिज कुठला आलाय तेव्हा... इन्सुलिनची बाटली डब्यात घालून डबा माठात सोडायचा, हीच आमची सोय. पण त्या वर्षी एप्रिलपासूनच ऊन असं तापलं की माठातलं पाणीसुद्धा कोमट लागायचं. एक दिवस आई अंगणात बसल्या जागी कलंडली. डॉक्टर म्हणाले, मास्तर, औषध उष्णतेनं खराब झालंय, तुम्ही नुसतं पाणी टोचताय. मे अजून पुढेच होता... मी घाबरलो, खरंच घाबरलो.

गावात एका इंजिनिअर साहेबांची बदली झाली होती आणि त्यांना त्यांचा फ्रिज विकायचा होता. आम्ही दोघं बघायला गेलो. तो कपाटाएवढा उंच! सुमन हळूच म्हणाली, हा घेतला तर आपण झोपायचं कुठं? मग ठरलं, छोटाच घ्यायचा, नागपूरहून.

घरात मोकळी जागा म्हणाल तर आईचा सागवानी पलंग आणि भिंत यांच्यामधली तेवढी. मी सुतळी घेतली, रुंदीची एक गाठ, खोलीची एक, उंचीची एक. ती खिशात घालून नागपूर गाठलं. दुकानात रॉकेलवर चालणाराही एक फ्रिज होता, पण आमच्या दोन खोल्यांत रात्रंदिवस बत्ती कोण जळत ठेवणार... तो सोडला. कमरेएवढा, पांढरा, विजेवरचा एक होता. सुतळी लावली तर तिन्ही गाठी बरोब्बर बसल्या. मी अगदी खूश.

तीन दिवसांनी ट्रकनं फ्रिज आला. दोन हमालांनी उचलून जागेवर ठेवला, इकडे-तिकडे बोटभर जागा उरली. मी ऐटीत दार ओढलं... आणि ते चार बोटं उघडून पलंगावर आपटलं.

आमची कपाटं दोन फळ्यांची, निम्मं इकडे, निम्मं तिकडे उघडायची. हे सगळं दार एकाच बाजूला, तेही पलंगाकडे उघडेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पलंग सरकवला तर घराचं दार उघडेना. हमाल पाणी पिऊन निघायच्या तयारीत, आणि मी तिथेच घामाघूम.

एकच जागा होती, समोरचा कोपरा. अख्ख्या घरात तेवढाच रिकामा, पण तिकडे मी बघतही नव्हतो. तिथे पूर्वी देवांची फळी होती. दीक्षा घेतली त्या आठवड्यात मीच ती उतरवली आणि देव नदीत सोडले. तेव्हापासून आईनं त्या कोपऱ्यात काही ठेवलं नाही, साधा झाडूसुद्धा नाही. गोधड्यांची पेटी रस्त्यात, धान्याची कोठी रस्त्यात, कोपरा मात्र मोकळा. मी मनात समजून चाललो होतो, आईला अजून तिथे देव दिसत असतील. सुमन एकदा कोठी तिकडे सरकवायला गेली तर मीच तिला खुणेनं थांबवलं होतं.

आई पलंगावर बसून आमची तारांबळ बघत होती. शेवटी म्हणाली, "काहून रे, त्या कोपऱ्यात काय काटे हायेत का?"

मी चाचरत म्हणालो, "आई, ती जागा तू मोकळी ठेवतेस ना... तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मले कायले वाईट वाटंल?" आईचे डोळेच मोठे झाले. "तूच तं म्हणलं होतं ना भाषण देल्यासारखं, का आता या कोपऱ्यात कधीच काही ठेवायचं नाही! मले वाटलं, पोरगं शिकलं हाय, काही समजूनच बोललं असंल. दहा वर्षं झाली, त्या पेटीच्या ठेचा खाऊन राह्यली मी!"

सुमन पदर तोंडाला लावून हसत सुटली, हमालही हसले. मला हसावं की आईचे पाय धरावे कळेना.

फ्रिज कोपऱ्यात गेला आणि दार पूर्ण उघडलं. विजेसाठी वायरमननं पलंगाजवळच्या जागेच्या मापानं दिलेली वायर जेमतेम पोचली, पण पोचली. आतला दिवा लागला तसा आईनं लगेच हात घालून गारवा येतोय का बघितलं. संध्याकाळी आत चांगलं गार झाल्यावर नवी बाटली आईनं स्वतःच्या हातानं ठेवली. त्या रात्री कित्येक दिवसांनी मी शांत झोपलो. मे गेला, जून आला, आई पुन्हा अंगणात तांदूळ निवडत बसायला लागली.

नातीला उत्तर पाठवलं, दार कोणत्या बाजूला उघडतं ते आधी बघ. त्यापुढचं मला तिला लिहिता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

ते वाक्य मी बोललो होतो हे मला आठवतही नव्हतं. एकोणीस वर्षांचा होतो, तोंडाला येईल ते बोललो असेन... आणि आईनं ते दहा वर्षं जपलं, पायाला ठेचा लागत असताना. तिला एकदाही विचारलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. त्या दारामुळे का होईना, ती असतानाच कळलं, हे माझं नशीब.