गुंडूचं पान

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, उमाकांतराव, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधत जगले. अहो, नोकरीच तशी होती. मिरजेहून बेंगळुरूला आले ते सरकारी कारखान्यात, तपासणी खात्यात. इतरांनी बनवलेले भाग मोजायचे आणि केसाएवढा फरक निघाला की परत पाठवायचे. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. एकदा माझ्या पोळ्या कडेला जाड आहेत म्हणाले. मी पडले बेंगळुरूच्या चामराजपेटेतली, तोंडाची फटकळ. म्हटलं, "मग उद्यापासून पट्टी घेऊन बसा जेवायला." नयना पदर तोंडाला लावून हसत होती.

नयना म्हणजे माझी बहीण. तिचं सगळं उलटं. मीठ अंदाजानं, वेळ अंदाजानं आणि माया तर बेहिशेबी. येलहंक्याच्या भाजीबाजारात एका स्कूटरखाली कुडकुडत बसलेलं पिल्लू तिनं पिशवीत घालून आणलं, कोथिंबिरीसकट. भाजीवाली त्याला गुंडू, म्हणजे गोलमटोल, म्हणाली म्हणून तेच नाव राहिलं. उमाकांतरावांनी दोन दिवस अबोला धरला. तिनं धरू दिला. मग स्वतःच्या ताटातला एक घास त्याला, एक आपल्याला, असं तिचं सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत चाललं. मला किळस यायची, खोटं कशाला बोलू!

नयना गेली आणि गुंडूनं तिच्या कपाटापुढं जे ठाण मांडलं ते सोडेचना. खोलीत कुणी पाऊल टाकलं की दात दाखवायचा. फरशी पुसणाऱ्या विमलाचा पदर फाडला. गॅसवाल्याच्या पोटरीला चावला. इमारतीतल्या लोकांनी सांगितलं, कुत्र्याला वळण लावा, नाहीतर बाहेर काढा. खरी गंमत पुढं आहे. उमाकांतरावांना त्या कुत्र्याचा राग येत नव्हता. मला म्हणाले, "ताई, हा रोज सकाळी कपाटाची फट हुंगतो. घरात अजून कुणीतरी तिला शोधतंय." एवढं मऊ बोलणं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडूच आलं.

पण लोकांपुढं काय चालणार? त्यांचा मुलगा आशय कोरमंगल्यात राहतो, कुठल्याशा नव्या कंपनीत आहे. त्यानं शोधून काढलं, येलहंक्याच्या पुढं कुत्र्यांना ठेवून घेऊन शिकवतात. म्हणजे वसतिगृहच म्हणा ना. गाडी न्यायला आली तेव्हा गुंडू चढेना. शेवटी उमाकांतरावांनीच त्याला उचलून आत ठेवला. दार लागल्यावर ते कितीतरी वेळ फाटकाशी उभे होते, असं विमला सांगत होती.

परत आणायच्या दिवशी मी मार्केटहून बस पकडून मुद्दाम येलहंक्याला गेले. घरचं माणूस इतक्या दिवसांनी येतंय, तर उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकायला नको? गाडीतून उतरला तो गुंडू नव्हेच. अंग चकचकीत, मान सरळ, शिकवणाऱ्या नागराजच्या पायाला पाय लावून चाललेला. मी तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन पुढं झाले तर नागराज म्हणाला, "अक्का, स्वल्प तडी!" थांबा काय थांबा! मी ओवाळून तुकडा बाजूला टाकला. भाकरीमागं जन्मभर धावलेलं हे जनावर, त्यानं तिकडं ढुंकूनही बघितलं नाही.

नागराजनं समजावून सांगितलं. पोरगा गोड होता, चूक त्याची काहीच नव्हती. सुरुवातीला घरात गडबड नको, पाहुणे नकोत, कुरवाळणं नको, त्याची जागा म्हणजे त्याची चटई. आणि खाणं पुढं ठेवलं तरी धन्यानं 'ओके' म्हटल्याशिवाय तो शिवणार नाही. रस्त्यावर कुणी विष घातलं तरी कुत्रा वाचतो, म्हणून हे शिकवतात. हळूहळू सैल सोडा, म्हणाला. हे शेवटचं वाक्य उमाकांतरावांच्या कानात शिरलंच नाही. सैल सोडणं त्यांना कधी जमलंय?

त्यांनी घरातच कारखाना सुरू केला. ठरलेल्या वेळी फिरणं, ठरलेल्या वेळी वाडगा, वाडग्यापुढं बसवणं, मग 'ओके'. गुंडूनं एकदाही चूक केली नाही. बेल वाजली तरी भुंकला नाही. इमारतीतले लोक जिन्यात थांबून शाबासकी द्यायचे. विमला निर्धास्तपणे नयनाच्या खोलीत केर काढू लागली. गुंडू त्या खोलीवरून जायचा आणि आत बघायचासुद्धा नाही.

हेच उमाकांतरावांना खाऊ लागलं. फोनवर म्हणाले, "ताई, मी काल कपाट उघडं ठेवलं. तिची निळी साडी खाली काढून ठेवली. त्यानं हुंगली आणि चटईवर जाऊन बसला."

मी म्हटलं, "अहो, मुकं जनावर ते. सुधारलं म्हणून देवाचे आभार माना."

"सुधारला," ते म्हणाले. "पण ओळख राहिलीय का, ते कळत नाही."

नयनाचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्या दिवशी कावळ्याचं, गाईचं आणि कुत्र्याचं अशी पानं काढतात. उमाकांतरावांनी मनात पक्कं धरलं की त्या दिवशी खरं काय ते कळेल. तिच्या नावाचा घास आहे, तो गुंडू आपणहून खाईल. देवधर्माच्या वाटेला कधी न गेलेला हा माणूस, पण हे मला त्यांनी दोनदा सांगितलं. मला हसायचं धैर्य झालं नाही.

श्राद्धाला आशय बसला. भाजणीचे वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं मी केलं. गच्चीवर पान ठेवलं तर कावळा लगेच आला आणि वडा उचलून गेला. गाईचं पान विमला कोपऱ्यावरच्या गाईला देऊन आली. उरलं गुंडूचं. उमाकांतरावांनी स्वतः ते त्याच्यापुढं ठेवलं आणि दोन पावलं मागं सरले.

गुंडू बसला. पानाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. तोंडातून लाळेची धार लागली, पण जागचा हलला नाही.

"घे रे राजा," उमाकांतराव म्हणाले. नयना असंच म्हणायची. गुंडूचं शेपूट जमिनीवर हललं. डोळे मात्र त्यांच्या तोंडावर खिळलेले.

गुरुजी म्हणाले, त्यानं तोंड लावलं की बसू जेवायला. आम्ही सगळे उभे. खिरीवर साय धरली. गुंडूचे पाय थरथरायला लागले तरी तो बसलेलाच. शेवटी माझा तोल गेला. "अहो, काय हा छळ मांडलाय त्या जिवाचा! म्हणा ना तो शब्द!"

"कावळ्याला कुणी हुकूम दिला का, ताई?" ते माझ्याकडं न बघताच बोलले. "सांगून खाल्लं तर ते तिला कसलं पोचलं?"

आशय हळूच म्हणाला, "बाबा, त्याला भूक लागलीय."

 उमाकांतराव खाली बसले, गुंडूच्या तोंडापाशी, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ओके."

गुंडूनं एका दमात पान साफ केलं. वडे, खीर, चटणीसुद्धा. द्रोण चाटला, जीभ फिरवली आणि चटईवर जाऊन गोल होऊन पडला. गुरुजी म्हणाले, झालं, बसा आता. पंगत बसली. उमाकांतरावांच्या पानावरचं काही हललं नाही.

सगळे गेल्यावर मी भांडी आवरत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "खाल्लं ना शेवटी? झालं तर मग."

"ते तिचं पान नव्हतं, ताई. माझ्या हुकमाचं होतं," ते म्हणाले. "त्याला गाडीत ठेवला तेव्हा मला वाटलं होतं, हा विसरला तर मलाही जमेल. आता तो विसरलाय. आणि मला घरात एकट्याला तिची आठवण काढायची भीती वाटते."

मी हात पुसले.  ते वळले, नयनाच्या खोलीत गेले आणि तिच्या कपाटापुढं फरशीवर जाऊन बसले.