साका दाखवणारा उजेड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी चोरून खाल्लेली भजीसुद्धा लपवत नाही! तुम्हाला सांगतो.

मी पुण्यात प्रयोगशाळेत असतो. एका अणूच्या जाडीचा पापुद्रा, आणि त्यावर लेझर. प्रकाश डावीकडे गरगरता सोडला की इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या एका प्रकारच्या खळग्यात जमतात, उजवीकडे फिरवला की दुसऱ्या. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी चक्क नाचलो होतो. तुम्ही नसता नाचलात?

मे महिन्यात देवगडला घरी गेलो. बाबांची हापूसची बाग. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरां. पण ह्येचो उपयोग काय रे?"

खरं उत्तर सोपं होतं — अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. का नाही म्हणालो तसं? बाबांना वाईट वाटेल म्हणून? छे! मलाच लाज वाटली. आणि तोंडातून निघून गेलं — "आंबो न कापता आतलो साको दिसतलो."

साका म्हणजे वरून देखण्या हापूसच्या आतला पांढरट, आंबूस भाग. कापेपर्यंत कळत नाही. बागायतदार त्याच्या नावानं बोटं मोडतात.

झालं! बाबांनी वाडीभर सांगितलं. देवळात माझ्या लेझरला यश दे म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणाले. मीही म्हणालो — काय करणार?

दुसऱ्या दिवशी मालवणला बहिणीच्या सासरी जायचं होतं. बाबांनी आंब्यांची टोपली पुढे केली. "मार रे तुझो उजेड!" माझ्याकडे होता फक्त व्याख्यानात फळ्यावर दाखवायचा लाल ठिपका. तो मी — हसू नका — एकेका आंब्यावर फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि चांगले म्हणून काही बाजूला काढले.

व्याह्यांनी सगळ्यांदेखत पहिला कापला. साका. दुसरा कापला. साका.

माझे बाबा — स्वतःच्या आंब्याला नावं ठेवली म्हणून सख्ख्या भावाशी अबोला धरलेला माणूस — हसत व्याह्यांना म्हणाले, "झिलाचो उजेड खोटो नाय हां. माझे आंबेच वायट."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी मान डोलावली.