पांढऱ्यांत काळी

हसू येणारच तुम्हाला, म्हणून चहाची बशी आधी खाली ठेवा. माझ्या जळक्या पोटानं माझीच कशी शोभा केली, ते सांगते.

कोल्हापूरचं संस्थान नुकतंच विलीन झालेलं. उचगावात एकाच परड्यात आमच्या दोन चुली, एक माझी, एक धाकट्या जावेची, हौसाची. गुरांच्या डाक्टरांनी तिला विलायती पांढऱ्या कोंबड्या मिळवून दिल्या आणि माझी झोपच उडाली! तिचं अंडं मुठीत मावेना. सासूबाई माझं अंडं उचलून विचारायच्या, "थोरले, ही अंडी हाईत का लिंबं?"

त्यात त्या खुराड्याचा थाट! दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही.

"हौसा, मी काय परकी हाय?"

"तसं न्हवं आक्का. कोंबड्यांचा मानमोडीचा रोग माणसाच्या पायानंबी येतोय, डाक्टर म्हणत्यात."

"रोग व्हय! माझी नजर लागंल म्हणून भ्यालीस, सरळ सांग की!"

पाय बुडवीन तर बापाचं नाव लावणार नाही, असं ठरवलं. पण पांढरी पिल्लं तर मला हवीच! मग काय, माझ्या लाडक्या काळीची तिच्या कोंबड्याशी सोयरीक जुळवायची.

भरदुपारी हौसा रानात गेली. मी काळीला पदराखाली घेतलं आणि मागच्या कुडाच्या फटीतून आत सारलं. तिन्हीसांजेला काढायला जाते तर डाक्टर हजर! जाताना त्यांनी ती फटच बुजवून घेतली. आता बोलायची सोय होती का? माझी लेक सासरीच अडकली!

तरी माझी खुमखुमी जिरली नाही. हौसाच्या कोंबड्याहून ऐटबाज पाहिजे म्हणून मुरगूडच्या बाजारातून एक तुरेवाला आणला आणि थेट माझ्या कोंबड्यांत सोडला. त्यानं आधी मान टाकली. मग एकेक करून सगळ्यांनीच टाकली.

रिकामं खुराडं बघून माझं अवसान गळालं. रडत हौसाच्या दारात गेले. "एकबी ऱ्हायली न्हाय गं!"

"एक हाय की, आक्का."

आत डोकावले. सगळ्या पांढऱ्यांपासून लांब, एका डालग्याखाली, माझी काळी! टुणटुणीत!

"पांढऱ्यांत काळी दिसणार न्हाय, असं वाटलं व्हय तुमास्नी? डाक्टरांनी तवाच तिला मानमोडीवरची सुई टोचली आन निराळी ठिवली. तुमचा मान ऱ्हावा म्हणून गप बसले."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी काळीला उचलायला धावलेच.

"आक्का!"

"आता काय गं?"

"पाय."

बापाचं नाव राहिलं बाजूला, मुकाट्यानं दोन्ही पाय घमेल्यात बुडवले. तेवढ्यात सासूबाई सोप्यातनं ओरडल्या,

"हौसा, पायाचं ऱ्हाऊ दे! आधी तिचं डोळं बुडीव!"