पहिल्या हिवाळ्याचा ओव्हर

आमच्या आत्याला बसून वाचता येत नाही. सोफ्यापासून फ्रिजपर्यंत सात पावलं, गिरकी, परत सात पावलं, आणि हातात उघडं पुस्तक. बाबा पेपराआडून म्हणतात, "ताई, फरशी झिजली."

"झिजू दे. तुझ्या खुर्चीची गादी आधीच झिजलीय," असं म्हणून ती पान उलटते. पावलं थांबत नाहीत.

आत्या मोठ्या इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात नर्स आहे. एकवीस वर्षं झाली. सात वर्षांपूर्वी तिनं घरात कुणालाही न विचारता बी.ए.ला नाव घातलं. एकेक करत सगळे पेपर निघाले, एक तेवढा घशात काटा अडकावा तसा अडकला: सुरुवातीचं अमेरिकन साहित्य. समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या लोकांच्या रोजनिश्या, त्यांच्या धर्मगुरूंची प्रवचनं, घरी पाठवलेली पत्रं. दोनशे वर्षांचा ऐवज, आणि तो संपवायचा एका सत्रात.

"हा अभ्यासक्रम आहे की सहलीची बस?" आत्या म्हणायची. "डावीकडे बघा प्रवचन, उजवीकडे बघा रोजनिशी. फोटो काढा, खाली उतरायचं नाही!"

या पेपरात ती दोनदा आपटली. कारण उघड होतं. पेशंटचा तक्ता भरावा तशी ती उत्तरं लिहायची. 'वसाहतीच्या पहिल्या हिवाळ्याचे चित्रण विशद करा' या प्रश्नाला तिचं अख्खं उत्तर असं: 'थंडी. अन्न कमी. हिरड्यांतून रक्त, म्हणजे ताजं खाणं नाही. निम्मे गेले. लिहिणारा स्वतः आजारी असावा, वाक्यं लहान होत जातात.' समासात सरांचा लाल शेरा: 'विस्तार करा.'

या सरांना अख्खं कॉलेज उपप्रश्न सर म्हणतं. तुम्ही उत्तर देऊन हुश्श करायला जावं, तर ते चष्मा कपाळावर ढकलणार, घशात दोनदा खर्र खर्र करणार आणि म्हणणार, "अंऽऽ ठीक. आता याचा उपप्रश्न असा की..."

तिसऱ्या खेपेला लेखीत आत्याला चोवीस मिळाले. पास व्हायला चाळीस हवेत, म्हणजे तीस गुणांच्या तोंडीत सोळा तरी पाहिजेत. पदवीची सात वर्षांची मुदत याच सत्राला संपत होती. आता गचकली, तर मागचे सगळे पेपर रद्द. वॉर्डातून घरी येऊन, पाय गरम पाण्यात बुडवून केलेला सगळा अभ्यास पाण्यात.

तेव्हा मी सूत्रं हातात घेतली. मीही त्याच कॉलेजात आहे. उपप्रश्न सरांची नक्कल मला खर्र खर्रसकट येते. त्यांच्या वर्गात पहिली येणाऱ्या मुलीचीही येते. ती बोलताना मान अशी वेळावते की जणू कानातले डूल श्रोत्यांना दाखवायचेत. मी तिच्या थाटाचं दोन पानी भाषण लिहून आत्याच्या हातात ठेवलं.

आत्या वाचायला लागली, "अज्ञाताच्या उंबरठ्यावर उभे ठाकलेले ते आर्त मानवी मन..." आणि फ्रिजपाशी थबकली. "हे मन कितव्या बेडवर आहे?"

"आत्या, सिरियस हो ना!"

"मी सिरियसच आहे गं. माझ्या नातेवाइकांना कळवा."

पण पाठ केलं तिनं. पंधरा दिवस उठताबसता तेच. एकदा आमटीला फोडणी देताना 'आर्त मानवी मन' म्हणाली आणि मोहरी जाळली.

परीक्षा दुपारी बाराला होती आणि दोनला तिची ड्यूटी, म्हणून गणवेश पिशवीत घेऊनच निघालो. कॉलेजच्या व्हरांड्यात सगळी पोरं बाकावर, आत्या एकटी येरझाऱ्या घालतेय. पहिली येणारी मुलगी मान वेळावून म्हणाली, "काकू, झालं का सगळं पाठ?"

"झालं की. पोटातला गोळा तेवढा पाठ व्हायचाय."

दारावरचा शिपाई कावला. "बाई, बसा की हो! तुमच्याकडे बघून मला गरगरायला लागलं."

"गरगरतंय? पाणी प्या. दोन घोट, सावकाश. उभे राहू नका एकदम." आत्यानं असं बजावलं की तो खरंच मुकाट्यानं पाणी प्यायला.

तिचा नंबर आला. दार लागलं, पण वरची झडप उघडी होती. मी तिच्या बरोब्बर खाली उभी राहिले. आत सर होते आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या एक परीक्षक बाई. सरांनी पहिल्या हिवाळ्याच्या रोजनिशीबद्दल बोलायला सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. पाठ केलं होतं तेच!

"अज्ञाताच्या उंबरठ्यावर," आत्यानं सुरुवात केली. आवाज त्या मुलीचा, धाप मात्र आत्याची. "उभे ठाकलेले ते... ते..."

मन काही येईना. मी झडपेखाली ओठांनी 'आर्त, आर्त' करतेय, त्याचा काय उपयोग! मग खुर्ची सरकली आणि पावलं वाजली. ही बया तिथंही चालायला लागली होती.

"अहो, बसा, बसा," सर म्हणाले.

"सर, बसून मला सुचत नाही. मी ओव्हर देऊ का?"

"काय देता?"

"ओव्हर. शिफ्ट बदलताना जाणारी सिस्टर येणारीला एकेका बेडचं सांगते ना, ते. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. 'बरा आहे' असं मोघम बोलायचं नाही."

आणि होकाराची वाट न बघता आत्या सुरू झाली.

"बेड एक, सुतार. कालपर्यंत दुसऱ्यांसाठी शवपेट्या ठोकत होता, आज हात उचलत नाही. बेड दोन, त्याचा मदतनीस. खोकला, अन्न टाकलंय. बेड तीन, लिहिणारा स्वतः. याच्याकडे लक्ष ठेवायचं. याची बायको गेली त्या दिवशी नोंद एका ओळीची, आणि वाऱ्यावर चार ओळी. वारा कुठून आला, किती गार होता, केव्हा पडला. एवढा वाऱ्यात रस असणारा माणूस नाही तो, सर. बायकोचं लिहवेना, म्हणून वाऱ्याचं लिहिलं."

मग खर्र खर्र.

"अंऽऽ ठीक. उपप्रश्न असा की, हाच लेखक पुढे म्हणतो, साफ केलेली शेतं आयती मिळाली, वस्तीत माणूस नाही, ही देवाची कृपा. यावर तुमचं म्हणणं?"

पावलं थांबली. ओव्हर सुरू केल्यापासून पहिल्यांदाच.

"सर, भरल्या वॉर्डात मला एकदम मोकळा बेड दिसला, तर मी आधी विचारते, काल इथं कोण होतं? घरी गेला की वर गेला? शेत आपोआप साफ होत नाही. तिथल्या माणसांनी ते केलं होतं. आधीच्या जहाजांबरोबर साथ आली, तिच्यात ती माणसं गेली. त्यांचा ओव्हर याला कुणी दिला नाही, यानंही विचारला नाही. मोकळ्या बेडवर चादर घातली आणि कृपा म्हणाला."

"म्हणजे तो खोटं लिहितो?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"नाही हो बाई. घाबरलाय. घाबरलेले नातेवाईक असंच बोलतात."

ती बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम. "वाट लावली मी. तुझं ते मन ऐन वेळी कुठे उलथलं कोण जाणे." घड्याळ पाहिलं. "तू निकालाची यादी लागली की बघून ये. फोन करू नकोस, वॉर्डात उचलत नाही." आणि पिशवी काखेत मारून पळालीसुद्धा.

यादी लागली दोनला पाच कमी असताना. शिपायानं टाचण्या टोचेपर्यंत मी त्याच्या कोपराखालून वाचलं आणि इस्पितळाकडे धूम ठोकली.

वॉर्डाच्या दाराला काच आहे. आत सकाळची सिस्टर ओव्हर देत होती आणि गणवेशातली आत्या वहीत लिहीत बेडमागून बेड पुढे सरकत होती. मी काचेवर टकटक केलं. दोन्ही पंजे दाखवले, मग अंगठे मिटून उरलेली आठ बोटं. तिनं पाहिलं. ताप उतरल्याचा तक्ता पाहावा तशी मान हलवली आणि सिस्टरकडे वळली.

"आणि हा नऊ नंबर? काल म्हातारबुवा होते इथं."

"सकाळी घरी गेले."

"चालत?"

"मुलाच्या हाताला धरून."

आत्यानं तेही लिहिलं. मग झपझप दाराशी आली आणि वीतभर उघडलं. "आठ की सात? तुझी करंगळी मेली वाकडी."

"अठरा! आत्या, अठरा! झालीस तू!"

तिनं डोळे मिटले. एक श्वास, दुसरा श्वास. पाय मात्र दाराच्या चौकटीवर टकटक करतच होता.

"ऐक," ती म्हणाली. "कॉलेजच्या वाचनालयात जा. ती शेतं ज्यांची होती, त्यांनी स्वतः सांगितलेलं काही पुस्तकात उतरलंय का, विचार. आजच विचार. आणि दारातून बाजूला हो, ट्रॉली येतेय."