दोन महिने आधीची थंडी

ऑफिसात त्यांना सगळे पाराताई म्हणत. चौतीस वर्षं हवामान केंद्रात निरीक्षक. रोज सकाळी साडेआठला आवारातल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीसमोर उभं राहायचं, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा, दशांशापर्यंत आकडा वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा. उद्या काय होणार हे सांगणारे वरच्या मजल्यावर बसत. पाराताईंचा संबंध फक्त आजशी.

रजिस्टरातला शेऱ्याचा रकाना मात्र बोटभर रुंद. त्यात 'दाट धुके' मावतं. त्या धुक्यात फाटक समजून थेट कुंपणात सायकल घालणारा पोस्टमन मावत नाही. असलं न मावणारं सगळं पाराताई घरी एका वहीत लिहीत. 'पावसाचा अंदाज चुकला की शिव्या आम्हाला, बरोबर आला की कौतुक छत्रीचं,' हे त्या वहीतलंच.

एका मासिकात 'कामाच्या जागेवरून' असं सदर होतं. नोकरीतल्या माणसांनीच लिहायचं, नावाखाली हुद्दा छापून यायचा. पाराताईंना तो छापलेला हुद्दा एकदा बघायचा होता. तीन वर्षांत तीन लेख पाठवले, तिन्ही साभार परत.

"अहो ताई, लेख मस्तच आहे," संपादकबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "पण उन्हाळ्यावरचा लेख तुम्ही पाठवलात कधी, तर लोकांनी छत्र्या उघडल्यावर. आमचा अंक दोन महिने आधी तयार होतो."

"उन्हाळा संपल्याशिवाय तो कसा होता ते कसं लिहिणार?" पाराताईंनी विचारलं होतं.

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एकदा खिडकीतूनच अंदाजाने आकडा लिहून टाकला होता. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना पेटीपर्यंत नेलं आणि खरा आकडा दाखवला. फरक एवढासा, दोन दशांशांचा. साहेब म्हणाले, "न बघता लिहिलेला आकडा म्हणजे खोटी साक्ष." चूक खोडायची नाही, तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, वर खरा आकडा लिहून सही करायची, हेही त्यांनीच शिकवलं. त्यानंतर पाराताईंनी न बघता काही लिहिलं नाही. किराण्याची यादीसुद्धा डबे उघडून करत.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. ते म्हणत, "बत्तीस घड्याळं एका वेळेवर चालवतो मी या घरात, आणि बायकोचा लेख मात्र ऋतूच्या मागे."

निवृत्तीला अडीच महिने उरले असताना संपादकबाईंचा पुन्हा फोन आला. वर्षाच्या शेवटच्या अंकात जागा होती. "अंक निघेल तेव्हा तुम्ही अजून नोकरीत असाल ना? मग हीच वेळ. थंडीवर द्या. पण या आठवड्यात."

पाराताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. हवा इतकी दमट, की रजिस्टराची पानं एकमेकांना चिकटत होती.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "नाही म्हणून कळवते. न आलेल्या थंडीवर काय लिहू?"

"अगं, तुझ्या डोक्यावर अख्खा मजला भरून भविष्य सांगणारी माणसं बसलीत. विचार की एखाद्याला."

चौतीस वर्षांत पाराताई वरच्या मजल्यावर कामाशिवाय गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी गेल्या. तिथल्या अंदाजवाल्याने नकाशावरून मान वर केली.

"यंदा थंडी लवकर. कडाक्याची. बिनधास्त लिहा, ताई."

"आणि चुकलं तर?"

"आम्ही रोज चुकतो आणि रोज जेवतो."

तीन संध्याकाळी पाराताई वहीपुढे बसल्या. पहिलं वाक्य लिहिताना हात असा अडला, जणू दुसऱ्याच्या रजिस्टरात सही करताहेत. 'आज कडाक्याची थंडी आहे, आणि तापमान मोजायला मी आधी स्वतःची बोटं मोजून घेतली.' पुढचं मात्र भराभर आलं, कारण ते पाहिलेलं होतं: पेटीची कडी हातमोज्याने उघडत नाही आणि हातमोजा काढला की बोटं उघडत नाहीत, एरवी न फिरकणारे साहेब थंडीत 'निरीक्षणाला' येतात आणि उन्हाच्या पट्ट्यात उभे राहून आभाळाचंच निरीक्षण करतात.

लेख वेळेत गेला.

अंक आला तेव्हा निवृत्तीला तीन दिवस होते. पान एकोणचाळीस. नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'हवामान निरीक्षक'. पाराताईंनी ते दोनदा वाचलं, आकडा वाचतात तसं, डोळा रेषेत आणून. मग अंक टेबलावर ठेवला, तर पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं. पंखा पूर्ण वेगावर होता.

"ताई, तुमचा लेख वाचून अंगावर काटा आला," शिपाई घाम पुसत म्हणाला. "स्वेटर कुठे ठेवलाय ते शोधतोय."

वरून अंदाजवाला खास जिना उतरून आला. लेख उभ्यानेच वाचून काढला आणि म्हणाला, "लेख झकास जमलाय. थंडी आमच्याकडून राहिली."

"रोज जेवताय ना?"

"जेवतोय."

दुपारच्या निरीक्षणाची वेळ झाली. पाराताई आवारात गेल्या, आकडा वाचून आल्या, रजिस्टरात लिहिला. मग अंक ओढून पान एकोणचाळीस काढलं. पट्टी घेतली आणि 'कडाक्याची थंडी' वर एक सरळ रेघ मारली, खालची अक्षरं नीट दिसतील अशी. वर लिहिलं, '३१.४'. बाजूला तारीख, वेळ, सही.

सहीखाली हुद्दा लिहायचा असतो. तो त्यांनी पूर्ण लिहिला. अजून तीन दिवस तो त्यांचाच होता.