शेठच्या जबानीची गॅरंटी

राग सोडून द्यावा म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल सोडावा. माझा राग मी जपून ठेवलाय आणि तो अजून ताजा आहे.

मी पाथर्डीची. लग्नसराईत लग्नं शूट करते, एरवी स्वतःच्या हौसेनं आमच्या भागावर फिल्म करते. आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. टोळी हलते ती सकाळ मला पकडायची होती. पेट्या, भांडी, शेळ्या ट्रॉलीत चढतात, कोयत्यांना हळदकुंकू लागतं, ट्रॅक्टरच्या चाकापुढं नारळ फुटतो आणि वस्ती रिकामी होते. हे वर्षातनं एकदाच होतं. पुन्हा एकदा करा, असं कुणाला म्हणता येत नाही.

सिनेमाच्या कॅमेऱ्यात चित्र साठतं ते एसएसडीत. काडेपेटीहून जरा मोठी, चपटी डबी असते. त्या कामासाठी मी नगरच्या एका दुकानातनं नवी आणली. दुकानदाराला सगळे शेठ म्हणायचे. बिल द्यायची त्याची पद्धतच नव्हती. छातीवर हात ठेवून सांगायचा, "माझ्या जबानीची गॅरंटी." मी दुकानातच शूट करून बघितलं, घरी येऊन परत बघितलं. झकास चालली.

त्या सकाळी कॅमेरा एकदाही अडखळला नाही. टोळीत एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. तो आधी ट्रॉलीत चढला, तिला वर ओढायला हात दिला, तर तिचा तोल गेला आणि ती थेट भांड्यांवर जाऊन बसली. तो पोट धरून हसला. ती चिडली, मग तीही हसली. अशा गोष्टी ठरवून मिळत नाहीत, आणि मला मिळाली होती.

घरी येऊन मी शिस्तीत दोन ठिकाणी कॉपी काढली. फाइली आल्या, पण धड उघडेनात. नारळ फुटला तिथवर दिसलं, पुढं नुसता हिरवा-काळा चिखल. डबीवर लिहिलेली जागा खोटी होती. आत चिमूटभर जागेची चिप होती. ती भरली की पुढचं सगळं मातीत, आणि कॅमेरा बिचारा समजतो की लिहिलं जातंय.

डबी घेऊन दुकानात गेले तर शेठनं हात झटकले. दोष माझ्या कॅमेऱ्यात असणार, असली नाजूक मशीन बायकांना झेपत नाही, असं भर दुकानात म्हणाला. गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती डबी मी परत घरी आणली आणि कपाटात ठेवली.

कदाचित पुढं मी निवळलेही असते. पण त्याच हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि तो हसणारा माणूस खाली सापडून जागीच गेला. उन्हाळ्यात टोळी परतली तेव्हा त्याची बायको माझ्या दारात आली.

"ताई, तुमच्या मशीनमदी आमचं मानूस हाय ना? त्या दिवशी हसलं हुतं ते?"

नाही म्हणून सांगितलं. चित्र कसं गेलं तेही सांगितलं.

"फोटु हाय मपल्याकडं, आधारकार्डाचा," ती म्हणाली. "त्यात ते हसत न्हाईत."

चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली आणि गेली.

पुढच्या लग्नसराईत शेठच्या मुलीचा फोन आला. तिला तिच्या लग्नाची फिल्म माझ्याच हातची हवी होती. शेठ विसरला असणार. मी लगेच हो म्हटलं.

मांडवात शेठ व्याह्यांना घेऊन माझ्याजवळ आला, सगळं टकाटक आहे ना म्हणून विचारायला. मी पिशवीतनं तीच डबी काढली आणि कॅमेऱ्यापाशी नेली. शेठच्या दुकानातला माल आहे, गॅरंटीचा, असं व्याह्यांना कौतुकानं सांगितलं. शेठच्या तोंडचं पाणी पळालं. ती नको, दुसरी लाव, म्हणायला लागला. भटजींनी अंतरपाट मागवला होता.

"का नको, शेठ?"

व्याही त्याच्याकडं बघत होते. मी डबी खाली ठेवली नाही.

"डुप्लिकेट हाय ती," शेठ म्हणाला. "मला ठावं हुतं."

मग मी माझी पारखलेली डबी लावली आणि जीव ओतून काम केलं. पाठवणीला शेठ लेकीला धरून रडला. ती त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि तो रडता रडता हसला. एक फ्रेम सुटली नाही. फिल्म द्यायला गेले तेव्हा त्या बाईचं सगळं त्याला सांगितलं, आधारकार्डासकट. मुद्दाम सांगितलं.

आता तो दुकानात बसून ती पाठवणी सारखी लावतो म्हणे. लावू दे. लेक हसताना बघू दे, स्वतःला हसताना बघू दे. जितक्यांदा बघेल तितक्यांदा त्याला ते आधारकार्ड आठवलं पाहिजे. म्हणून तर मी इतकी चांगली फिल्म केली.